वाघ-बकरीच्या पटावर एकूण किती स्थिती संभवतात?

मलप्रभा (खानापूर)

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या देवळाच्या कट्ट्यावर दगडात कोरलेला वाघ-बकरीचा पट आहे. शेजारची कन्नड घरे या खेळाला ‘आडु हुली आट’ म्हणतात, आम्ही वाघ-बकरी म्हणतो. पट एकच आणि खेळायला बसणारी माणसेही तीच. टोकाला एक घर, त्यातून खाली उतरणाऱ्या चार तिरप्या रेघा, त्यांना छेदणाऱ्या तीन आडव्या ओळींवर प्रत्येकी सहा घरे आणि तळाला चार, अशी एकूण २३ घरे आहेत. वाघ ३ आणि बकऱ्या १५. वाघ सुरुवातीपासून ठरलेल्या घरांत बसलेले असतात. बकरीवाला आपल्या पाळीला एकेक बकरी मांडतो आणि पंधराही मांडून झाल्यावरच त्या हलवू लागतो. वाघ लगतच्या बकरीवरून पलीकडच्या मोकळ्या घरात उडी घेऊन तिला मारतो, पण एका पाळीला एकच. तिन्ही वाघ कोंडले गेले की बकऱ्या जिंकल्या.

सुट्टीत आलेला माझा भाचा कट्ट्यावर म्हणाला की बुद्धिबळात जितक्या स्थिती संभवतात तितके अणूही विश्वात नाहीत. आमचे थोरले काका हे ऐकत होते. त्यांनी पटावर बोट ठेवून विचारले, ‘मग यावर किती?’ कोणालाच उत्तर देता आले नाही, आणि तो प्रश्न मला स्वस्थ बसू देईना.

मी केलेली आकडेमोड अशी. २३ घरांतून वाघांसाठी ३ घरे निवडण्याचे मार्ग १,७७१. उरलेल्या २० घरांत शून्यापासून पंधरापर्यंत कितीही बकऱ्या असू शकतात. २० घरे रिकामी किंवा भरलेली असण्याचे सगळे प्रकार १०,४८,५७६ होतात. त्यांतून सोळा किंवा अधिक बकऱ्यांचे ६,१९६ प्रकार वजा केले की १०,४२,३८० उरतात. या दोन संख्यांचा गुणाकार १,८४,६०,५४,९८०, म्हणजे सुमारे १८४ कोटी ६० लाख. ही रीत बरोबर आहे का, आणि भाच्याचे विधान खरे आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

वेदगंगा (निपाणी)

मलप्रभा दादा, गुणाकार अचूक आहे, पण त्यातून निघालेली संख्या पटाच्या छायाचित्रांची आहे, खेळाच्या स्थितींची नाही. समजा, पटावर ३ वाघ आणि ९ बकऱ्या दिसत आहेत. बकरीवाल्याच्या हातात अजून सहा बकऱ्या असतील, तर तो डाव सुरक्षित असू शकतो. हात रिकामा असेल, म्हणजे सहा बकऱ्या मारल्या गेल्या असतील, तर तोच देखावा जवळजवळ हरलेल्या डावाचा असतो. खेळणाऱ्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या स्थिती आहेत. पाळी कोणाची हेही स्थितीतच मोजायला हवे. ज्या माहितीवरून पुढचा खेळ पूर्णपणे ठरतो ती सगळी माहिती म्हणजे स्थिती, अशी व्याख्या आधी करावी आणि मग मोजायला बसावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. बुद्धिबळातही किल्लेकोटाचा (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचा) हक्क शिल्लक आहे की नाही, हे पटाकडे नुसते पाहून नेहमीच कळत नाही.

या व्याख्येने पुन्हा मोजू. पटावर बकऱ्यांची संख्या ठरली की हातातल्या बकऱ्या शून्यापासून ‘पंधरा वजा पटावरच्या’ इतक्या असू शकतात. म्हणून पटावर एकही बकरी नसताना हाताचे १६ प्रकार, एक असताना १५, आणि पंधरा असताना एकच. हे भार लावून बेरीज केली की १०,४२,३८० ऐवजी ६२,९३,०४० येतात. त्यांना वाघांच्या १,७७१ ने आणि पाळीच्या २ ने गुणल्यावर २२,२८,९९,४७,६८० ही संख्या मिळते, म्हणजे जवळजवळ २,२२९ कोटी. आपल्या संख्येच्या बारा पटींहून ही अधिक आहे, आणि हा सगळा फरक फक्त व्याख्येतून आलेला आहे.

यातही काही अशक्य स्थिती शिरल्या आहेत. पंधराही बकऱ्या हातात असतील तर वाघ अजून हललेलेच नसतात, म्हणून तिथे वाघांची १,७७१ नव्हे तर एकच मांडणी शक्य आहे. परंतु ही चूक किती मोठी, हेही मोजता येते. तीन किंवा त्याहून कमी बकऱ्या मांडल्या गेलेल्या सगळ्या स्थिती मिळून छप्पन्न लाखांच्या आसपास भरतात. त्या सगळ्या खोट्या ठरल्या तरी २,२२९ कोटींना धक्का लागत नाही. म्हणून या संख्येला मी वरची मर्यादा म्हणेन: खरी संख्या हिच्याहून जास्त असूच शकत नाही.

चिकोडीचे मास्तर

भाच्याच्या विधानाबद्दल लिहितो, कारण हा गोंधळ मी वर्गात दरवर्षी ऐकतो. स्थितींची संख्या आणि डावांची संख्या या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० साली बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्रावरच्या आपल्या लेखात दोन्हींचे अंदाज दिले होते. डावांचा अंदाज १० चा १२० वा घात. त्यासाठी त्यांनी पांढऱ्याची एक आणि काळ्याची एक अशा जोडचालीला सुमारे हजार पर्याय धरले आणि डाव चाळीस जोडचालींचा मानला. स्थितींचा अंदाज मात्र १० च्या ४३ व्या घाताच्या आसपास होता. दृश्य विश्वातल्या अणूंची संख्या साधारणपणे १० चा ८० वा घात मानली जाते. तेव्हा बुद्धिबळाचे डाव अणूंपेक्षा जास्त आहेत हे खरे, पण स्थिती कितीतरी कमी आहेत. एकट्या पृथ्वीवरच्या अणूंइतक्याही त्या भरत नाहीत. एकच स्थिती असंख्य वाटांनी गाठता येते, म्हणून हे अंतर पडते.

शॅनन यांचे स्थितींचे सूत्र मुलांना आवडते, कारण ते आपल्याच क्रमचयांच्या पाठातले आहे: ६४ च्या क्रमगुणिताला (१ पासून ६४ पर्यंतच्या सर्व संख्यांच्या गुणाकाराला) ३२ च्या क्रमगुणिताने, ८ च्या क्रमगुणिताच्या वर्गाने आणि २ च्या सहाव्या घाताने भागायचे. बत्तीस घरे रिकामी, दोन्ही बाजूंची आठ-आठ प्यादी सारखी, हत्ती-घोडे-उंटांच्या सहा जोड्या सारख्या, इतकाच त्याचा अर्थ. मात्र हे सूत्र एकाच वेळी दोन्ही बाजूंना चुकते. प्यादे पहिल्या ओळीत उभे असलेल्या किंवा एकाच रंगाचे दोन्ही उंट काळ्या घरांत बसलेल्या मांडण्याही ते मोजते. उलट एकही मोहरा मारला गेल्याची किंवा प्याद्याचा वजीर झाल्याची स्थिती त्यात येतच नाही. शॅनन यांनी तो ढोबळ अंदाज म्हणूनच दिला होता. त्याला वरची मर्यादा समजणे चूक आहे, आणि आज अनेक ठिकाणी ती चूक होताना दिसते.

मलप्रभा (खानापूर)

वेदगंगा, मास्तर, दोघांचेही मनापासून आभार. हातातल्या बकऱ्यांचा मुद्दा मी काकांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, ‘हे मला ठाऊक होते, पण मोजायचे असते हे ठाऊक नव्हते.’ आता पुढचा प्रश्न. वरच्या मर्यादेतल्या किती स्थिती खेळताना खरोखर येऊ शकतात, हे सगळ्या तपासल्याशिवाय कसे कळणार?

रविवार पेठ (बेळगाव)

मी गणिताचा माणूस नाही, पण हा प्रश्न आमच्या धंद्यातला आहे म्हणून लिहितो. तांदळाची गाडी आली की कोणी प्रत्येक पोते उलटे करून दाणे मोजत नाही. पोत्यात टोकदार पोकळ नळी खुपसून मूठभर तांदूळ काढतो, तळहातावर पसरतो, त्यात तुकडा किती आणि खडा किती ते पाहतो आणि त्यावरून सगळ्या गाडीचा भाव ठरतो. अट एकच आहे: नळी कुठेही खुपसली जायला हवी. फक्त वरच्या, निवडून ठेवलेल्या पोत्यांतच खुपसली तर अंदाज फसतो.

चिकोडीचे मास्तर

रविवार पेठ यांनी नमुना पद्धतीचा गाभा सांगितला. मी तोच प्रयोग फुल्ली-गोळ्यावर करून घेतो, कारण तिथे खरे उत्तर माहीत असल्याने पडताळा घेता येतो. नऊ घरे, प्रत्येक घर रिकामे, फुल्ली किंवा गोळा, म्हणून वरची मर्यादा ३ चा नववा घात, १९,६८३. प्रत्येक मूल प्रत्येक घरासाठी फासा टाकते: एक-दोन पडले तर रिकामे, तीन-चारला फुल्ली, पाच-सहाला गोळा. भरलेला चौकोन खेळात येऊ शकतो का, हे मग तपासायचे. फुल्ल्या गोळ्यांइतक्या किंवा एकाने जास्त हव्यात. दोघांच्याही तिनाच्या रेघा एकदम नकोत. फुल्लीची रेघ असेल तर फुल्ल्या एकाने जास्तच हव्यात, गोळ्याची असेल तर दोन्ही समसमान.

खऱ्या स्थिती ५,४७८ आहेत, म्हणजे मर्यादेच्या सुमारे २७.८ टक्के. चाळीस मुलांनी प्रत्येकी दहा चौकोन भरले की चारशेंपैकी सुमारे १११ खरे निघावेत, आणि त्यात नऊएकचा चढउतार अपेक्षित असतो. आमच्या वर्गात एकदा ११७ निघाले. त्यावरून अंदाज ५,७५७ आला. पाच टक्क्यांची चूक, आणि तीही एका तासिकेत! नमुना चौपट केला की चूक निम्मी होते. ती दहावा हिस्सा करायची तर नमुना शंभरपट लागतो. हा हिशेब मुलांच्या एकदा हाती लागला की निवडणुकीचे अंदाजही ती वेगळ्या नजरेने वाचू लागतात.

डाव मोजायचे असतील तर संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी १९७५ साली मांडलेली युक्ती वापरावी. फासा टाकत एक डाव शेवटपर्यंत खेळायचा आणि प्रत्येक चालीला जितके पर्याय होते त्यांचा गुणाकार लिहून ठेवायचा. फुल्ली-गोळ्याचा डाव पाचव्या चालीला संपला तर ९ × ८ × ७ × ६ × ५ म्हणजे १५,१२०. नवव्यापर्यंत गेला तर ३,६२,८८०. असे पुष्कळ डाव खेळून या गुणाकारांची सरासरी काढली की ती खऱ्या २,५५,१६८ डावांकडे सरकत जाते.

हिंडलगा (बेळगाव)

मी संगणक अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. मास्तरांच्या पद्धतीला एक महत्त्वाची मर्यादा आहे, ती जोडतो. बुद्धिबळाचे प्रत्येक घर रिकामे किंवा बारा प्रकारच्या मोहऱ्यांपैकी एकाने भरलेले, असे धरले तर वरची मर्यादा १३ चा ६४ वा घात होते. ती १० च्या ७१ व्या घाताच्या सुमारे दुप्पट आहे. त्यातल्या खऱ्या स्थितींचे प्रमाण इतके क्षुल्लक आहे की जगातले सगळे संगणक वर्षानुवर्षे फासे टाकत बसले तरी एकही खरी स्थिती हाती लागेल याची खात्री नाही. रविवार पेठ काकांच्या भाषेत सांगायचे तर गाडीभर मातीत तांदळाचा एकच दाणा आहे. तिथे नळी खुपसून काय मिळणार?

म्हणून आधी माती चाळावी लागते. संगणकशास्त्रज्ञ जॉन ट्रॉम्प यांनी नेमके हेच केले. दोन्ही बाजूंना एकेकच राजा, प्यादी पहिल्या आणि आठव्या ओळीत नाहीत, जादा वजीर हवा असेल तर प्यादे कमी झालेले हवे आणि त्या प्याद्याला वाट मिळण्यासाठी काही मारामारी झालेली हवी, अशा अटी मोजणीतच गुंफून त्यांनी वरची मर्यादा सुमारे ८.७ × १० चा ४५ वा घात इथवर खाली आणली. शिवाय त्या यादीतल्या प्रत्येक मांडणीला क्रमांक दिला, म्हणजे कोणताही क्रमांक काढला की ती मांडणी समोर उभी राहते. मग त्यांतून दहा लाख क्रमांक यदृच्छेने काढले आणि त्या स्थिती खऱ्या आहेत का ते तपासले. शंभरात पाच-सहा खऱ्या निघाल्या. त्यावरून बुद्धिबळाच्या स्थितींचा आजचा सर्वांत विश्वासार्ह अंदाज मिळाला: सुमारे ४.८ × १० चा ४४ वा घात, आणि त्यातली संभाव्य चूक एका टक्क्याहूनही कमी.

गो या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या खेळात तर अंदाजाची गरजच उरली नाही. तिथे नियम सोपा आहे: एकमेकांना लागून असलेल्या एका रंगाच्या सोंगट्यांच्या गटाला निदान एक मोकळे घर लागून असलेच पाहिजे. दोन गुणिले दोनच्या पटावर हे कागदावर करून पाहा. एकूण ८१ मांडण्या. चारही घरे भरलेल्या १६ बाद. एकच घर रिकामे असताना त्याच्या समोरच्या कोपऱ्यातली सोंगटी दोन्ही शेजाऱ्यांहून वेगळ्या रंगाची असेल तर ती कोंडली जाते. अशा ८ बाद. उरल्या ५७. तीन गुणिले तीनवर १९,६८३ पैकी १२,६७५, म्हणजे ६४ टक्के. नऊ गुणिले नऊवर सुमारे २३ टक्के. पूर्ण एकोणीस गुणिले एकोणीसच्या पटावरची नेमकी संख्या ट्रॉम्प यांनी २०१६ साली जाहीर केली: सुमारे २.०८ × १० चा १७० वा घात, शेवटच्या एककापर्यंत मोजलेली. वरच्या मर्यादेचा तो जेमतेम १.२ टक्के आहे. पट मोठा होत जातो तसा खऱ्याचा वाटा असा घटत जातो.

वेदगंगा (निपाणी)

नियम बदलला की संख्या कशी हलते याचे एक घरगुती उदाहरण देते. चौका भारा आमच्याकडे कवड्यांवर खेळतात: पंचवीस घरे, प्रत्येकाच्या चार सारख्या सोंगट्या, आणि प्रत्येकीची वाट पंचवीस घरांची. आपल्याच कितीही सोंगट्या एका घरात बसू देत असतील तर एका खेळाडूच्या मांडण्या २०,४७५ होतात. माझ्या माहेरी फुलीच्या पाच घरांतच एकावर एक बसता येते, उरलेल्या वीस घरांत एकेकच. त्या नियमाने त्या १४,१६५ भरतात. सासरी आणि माहेरी खेळाला नाव एकच आहे, पण मोजणाऱ्याने ते दोन खेळ धरायला हवेत. कोणत्या गावच्या नियमाने मोजले, हे न सांगता दिलेल्या आकड्याला काहीच अर्थ राहत नाही.

नवकंकरीचेही, म्हणजे एकात एक तीन चौकोनांच्या पटावरच्या खेळाचेही, थोडक्यात सांगते. कन्नडमध्ये तिला सालुमने म्हणतात. २४ घरे, म्हणून ढोबळ मर्यादा ३ चा २४ वा घात, सुमारे २८,२४३ कोटी. पट फिरवून, आरशात पाहून आणि आतला चौकोन बाहेर काढून एकसारख्या ठरणाऱ्या मांडण्या एकच मानल्या की सोळापर्यंत स्थितींची मिळून एक होते. राल्फ गासर यांनी १९९३ साली हा खेळ संगणकावर पूर्ण सोडवला, तेव्हा सोंगट्या मांडून झाल्यानंतरच्या सुमारे ७६७ कोटी स्थिती त्यांना तपासाव्या लागल्या. दोघेही अचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो, हा त्यांचा निष्कर्ष.

मलप्रभा (खानापूर)

ताईंच्या सूचनेप्रमाणे काकांना नियम नीट विचारून घेतला. आमच्या कट्ट्यावर पाचवी बकरी गेली की वाघ जिंकतात आणि डाव तिथेच थांबतो. म्हणजे सहा किंवा अधिक बकऱ्या मारल्या गेलेल्या स्थिती येऊच शकत नाहीत. मी भारांची बेरीज पुन्हा केली: ६२,९३,०४० च्या जागी ५३,६९,२६० येतात, आणि एकूण वरची मर्यादा १९,०१,७९,१८,९२०, म्हणजे १,९०१ कोटी ७९ लाखांच्या आसपास. कोणीतरी पडताळून पाहावे. माझी अपेक्षा होती की संख्या निम्म्याहून खाली येईल, पण ती फक्त सातवा हिस्सा घटली. बकऱ्या कमी उरल्या की त्यांच्या मांडण्याही कमीच उरतात, म्हणून असे होत असावे.

हिंडलगा (बेळगाव)

दादा, आपली बेरीज मी संगणकावर पडताळली, ती बरोबर आहे, आणि कारणही आपण योग्य दिले आहे.

एक भर घालतो. आपला पट डावी-उजवीकडे सारखाच आहे, म्हणून प्रत्येक स्थिती आणि तिचे आरशातले रूप एकच मानता येते. घाईत संख्या निम्मी करू नये, कारण काही स्थिती आरशातही तशाच दिसतात आणि त्यांना जोडीदार नसतो. आपण सांगितलेल्या रचनेत मधली रेघ नाही, म्हणून आसावर फक्त टोकाचे घर येते. बाकी २२ घरांच्या ११ जोड्या. वाघ तीन, म्हणजे विषम. स्थिती आरशासारखी असायची तर एक वाघ टोकावर आणि उरलेले दोघे एखाद्या जोडीवर हवेत. असे मार्ग ११ आहेत. बकऱ्या उरलेल्या दहा जोड्यांवर जोडीनेच बसतील. वेदगंगा ताईंचेच भार लावले तर अशा स्थिती १,३५,६९६ होतात. त्या मूळच्या २२,२८,९९,४७,६८० मध्ये मिळवून निम्मे केले की ११,१४,५०,४१,६८८. पाच बकऱ्यांचा नियम लावला तर संख्या याहूनही खाली येईल.

प्रत्येक स्थितीचा निकाल वाघ जिंकले, बकऱ्या जिंकल्या किंवा बरोबरी यांपैकी एक असतो, आणि तो लिहायला दोन बिट पुरतात. सगळी यादी सुमारे २.८ गिगाबाइटमध्ये मावेल. मोबाइलच्या साध्या मेमरी कार्डात ती राहू शकते. नेपाळच्या बाघचाल या पंचवीस घरांच्या, चार वाघ आणि वीस बकऱ्यांच्या भावंडाचा निकाल लिम यू जिन आणि युर्ग नीव्हर्गेल्ट यांनी बरोबरी असा काढलेला आहे. आपल्या तेवीस घरांच्या पटासाठी शेवटच्या स्थितींपासून उलटे मोजत येणारा कार्यक्रम मी लिहायला घेतला आहे. वाघ सुरुवातीला नेमक्या कोणत्या तीन घरांत बसतात आणि पहिली पाळी कोणाची, हे काकांना विचारून कळवाल का? पटाचे एक स्वच्छ छायाचित्र आणि रेघांची जोडणी दाखवणारे रेखाटनही हवे, कारण एखादी रेघ जरी चुकली तरी सगळा निकाल बदलेल.

मलप्रभा (खानापूर)

काका म्हणाले, एक वाघ टोकावर आणि दोघे त्याच्या खालच्या ओळीत मधल्या दोन रेघांवर. पहिली पाळी बकरीची. कट्ट्यावरचा चुना खरवडून रेघा मोकळ्या केल्या आहेत. उद्या सकाळच्या उन्हात छायाचित्र काढून इथेच टाकतो.